एक ठोका, दोन ठोके

तपासणीच्या दिवशी सकाळी पितांबर कामावर आला, तर विमानात पेट्रोल भरणारी गाडी नेहमीच्या जागी नव्हती. तिथे मांडव उभा होता. मुंबईहून येणाऱ्या तपासनीस साहेबांना ऊन लागू नये म्हणून मांडव, मांडवाला जागा हवी म्हणून गाडी दहा पावलं पलीकडे, आणि दहा पावलं पलीकडे म्हणजे विमानं जिथून आत वळतात त्या पिवळ्या रेषेला जवळजवळ चिकटून. सुरक्षा तपासायला येणाऱ्या माणसाच्या स्वागतासाठी आधी सुरक्षेचेच बारा वाजवायचे, हे आपल्याकडे अगदी मनापासून केलं जातं.

"नीलेश सर, ही गाडी हलवायला पाहिजे. विमानाचा पंख लागेल हिला."

"चावी ड्रायव्हरच्या खिशात आहे आणि ड्रायव्हर पारोळ्याला हार आणायला गेलाय," प्रशिक्षक नीलेश सर घाम पुसत म्हणाले. "तू पंखाबरोबर नीट चाल म्हणजे झालं. आणि आज घोळ नको हां. तुझा कायम करण्याचा कागद साहेबांच्याच सहीला ठेवलाय."

एरंडोल आणि पारोळ्याच्या मधल्या माळावर वैमानिक घडवणारी ही छोटीशी शाळा. पितांबर तिथे सहा महिने हंगामी होता. त्याआधी बारा वर्षं तो शिरपूरच्या कापसाच्या ट्रकवर क्लीनर. महिन्यातले वीस दिवस घराबाहेर. सकाळी डबा देताना त्याची बायको भागाबाई एवढंच म्हणाली होती, "बारा वरीस मी तुमना रस्ताच देखा. आते परत ट्रकवर जावानं नही."

साडेदहाला साहेब आले. धुळ्याहून भाड्याच्या गाडीने. गाडी चालवणारा छगन मूळचा काळीपिवळी टॅक्सीवाला. त्याने गाडी मांडवाशेजारी, नाक पेट्रोलच्या गाडीकडे करून लावली आणि तो मोबाईलमध्ये बुडाला. साहेब पिवळ्या रेषेच्या दुसऱ्या बाजूला जाऊन वही उघडून उभे राहिले.

तेवढ्यात चेलना विमान घेऊन आली. शिरपूरच्या कापूस-जिनिंगवाल्या दलिचंदशेठची ही नात आज पहिल्यांदाच एकटी विमान चालवत जागेवर आणत होती. पितांबर हातात इशाऱ्याच्या दोन लाल बॅटी घेऊन डाव्या पंखाच्या टोकाबरोबर चालू लागला. पंख आणि पेट्रोलची गाडी यांत चार हात अंतर. मग तीन. त्याने नियमाप्रमाणे बॅटींची डोक्यावर फुली केली. फुली म्हणजे थांब.

चेलना बघेचना. तिची नजर उजवीकडे, साहेबांच्या वहीवर खिळली होती.

दोन हात. पितांबर ओरडला, पण इंजिनाच्या आवाजात त्याचं त्यालाच ऐकू आलं नाही. पुढे धावावं, तर पुढे विमानाच्या नाकावरचा पंखा फिरत होता, इतका वेगात की दिसतच नव्हता. एक हात! तो पंखाच्या मागून विमानाच्या अंगाशी पोचला आणि त्याने बॅट टाकून पत्र्यावर तळहाताने एकच ठोका दिला.

धप्प!

विमान जागच्या जागी थांबलं. पंख आणि पेट्रोल यांच्यामध्ये चार बोटं उरली होती.

"काका, तुम्ही ठोकलंत म्हणून बरं," इंजिन बंद करून उतरलेली चेलना म्हणाली. "आमच्या जिनिंगमध्ये सगळे ट्रक असेच थांबतात. पाय आपोआप ब्रेकवर गेला."

"हे विमान आहे की कापसाचा ट्रक?" साहेब कडाडले. "चालू इंजिन, आणि हा माणूस विमान ठोकतो! नियम काय आहे?"

"बॅटी दाखवायच्या, साहेब."

"लिहा! आत्ता, इथे लिहून द्या."

पितांबरने लिहिलं : मी यापुढे विमानतळावर कोणत्याही चालत्या वाहनावर ठोकणार नाही. साहेबांनी तो कागद कायम करण्याच्या कागदाला टाचला. "पुन्हा हात उचललात, तर दोन्ही कागद फाडीन."

विमान ढकलून जागेवर लावलं. हार काही आले नाहीत. साहेब रागारागाने गाडीत बसले. पुढे पेट्रोलची गाडी, तेव्हा छगनने गाडी मागे घेतली. मागे बरोब्बर त्या विमानाची शेपटी होती.

पितांबर धावला आणि छगनच्या आरशात दिसेल अशी फुली करून उभा राहिला. अगदी नियमाप्रमाणे. छगन दुसऱ्या आरशात मांडवाचा खांब बघत होता.

चार हात. तीन. पितांबरने ओरडून पाहिलं, पण काचा बंद आणि आत गाणी चालू. हात उचलावा, तर भागाबाईचा चेहरा डोळ्यांपुढे. दोन हात. साहेबांनी सहज मागे पाहिलं, तर काचभर विमान. गाण्यांच्या आवाजात छगनला त्यांची हाक ऐकू जाईना. काच खाली करून त्यांनी हात बाहेर काढला आणि दारावर जोरात ठोकलं.

धप्प! धप्प!

दोन ठोके ऐकताच छगनने निर्धास्तपणे गाडी आणखी जोरात मागे घेतली.

"मेलो!" साहेब ओरडले. पितांबरने डोळे मिटले, मनातल्या मनात भागाबाईची माफी मागितली आणि डिकीवर एक ठोका दिला.

गाडी थांबली. मध्ये दोन बोटं.

"अरे, मी ठोकतोय आणि तू गाडी दामटतोस?" साहेब बाहेर येऊन छगनवर धावले.

"दोन ठोका पडनात, मंग मी काय करू?" छगनला खरंच वाईट वाटलं होतं. "एक म्हंजे थांब, दोन म्हंजे चाल. हाई बठ्ठा ड्रायव्हरस्ले माहीत शे, साहेब."

साहेबांनी दोन बोटांचं अंतर स्वतःच्या बोटांनी मोजून पाहिलं. नीलेश सर दुसरीकडे बघत होते. पितांबर मान खाली घालून कागद फाटल्याचा आवाज ऐकायची वाट बघत उभा होता.

साहेबांनी पेन काढलं. कायम करण्याच्या कागदावर सही केली. मग हमीपत्र पुन्हा वाचलं. लेखी कागद रद्द करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. थोडा विचार करून त्यांनी 'ठोकणार नाही'च्या आधी एक शब्द घातला आणि कागद पितांबरच्या हातात दिला.

मी यापुढे विमानतळावर कोणत्याही चालत्या वाहनावर दोनदा ठोकणार नाही.