सुरमईसाठी सस्पेन्शन

कृणालला एका गोष्टीची पक्की खात्री होती. वर्सोव्यापासून अंधेरी स्टेशनपर्यंत सस्पेन्शन कळणारा माणूस एकच, आणि तो रोज सकाळी दाढी करताना आपल्याला आरशात दिसतो!

त्याची गाडी बारा वर्षांची, पुढच्या चाकांनी ओढली जाणारी छोटी हॅचबॅक. आठवडाभर ती त्याला ऑफिसला न्यायची आणि रविवारी सकाळी त्याच्या आईची, कृष्णाबाईची, मासळी कोळीवाड्यातून अंधेरीच्या बाजारात पोचवायची. मागची सीट पाडून दोन मोठे टब, टबांत बर्फ, बर्फात मासळी. भांडणाचं मूळ त्या टबांत होतं. वळण आलं की गाडी इतकी कलायची की बर्फाचं पाणी हिंदकळून खाली. सोमवारी कृणाल ऑफिसच्या लिफ्टमध्ये शिरला की निम्मी माणसं जिन्याने जाणं पसंत करत.

कृष्णाबाईला वासाचं सोयरसुतक नव्हतं. तिचं दुखणं वेगळं होतं.

"गार पाणी सांडलं की मासळी तापते, मासळी तापली की गिऱ्हाईक नाक मुरडतं! विक ही गाडी. टेम्पो घे. शेजारचा सुयोग कधीपासून मागतोय."

"आई, गाडी नाय विकायची! दोष गाडीत नाय, सेटिंगमध्ये आहे. मी करतो ना!"

"कर. येत्या रविवारी टबाखाली पेपर पसरू. पेपर ओला झाला, तर गाडी सुयोगची!"

"चालेल!" कृणाल म्हणाला खरा, पण त्या गाडीवर त्याचा जीव होता. पंच म्हणून धाकटी बहीण हेमांगी उभी राहिली. तिला दोघांपैकी कुणीही हरलं तरी आनंदच होणार होता.

मग कृणालने अभ्यास आरंभला. बारावीला केला नव्हता इतका! चार दिवस जेवताना तो ताटात भाताची गाडी करून वळणं समजावत होता. "बघ हेमा, इंजिन पुढे, ओढणारी चाकं पुढे, म्हणजे सगळं वजन नाकावर. मागे नुसती पोकळी. अशा गाडीला मागे जाड अँटी-रोल बार लावायचा. दोन चाकांना जोडणारी पोलादी दांडी. एक बाजू दबायला लागली की दांडी पीळ खाते आणि तिला सावरते. गाडी कलणार नाय आणि वळेल पण झकास!"

"तुझी आमटी कलतेय, ती बघ," हेमांगी म्हणाली.

गुरुवारी दांडी घरी आली. चांगली कमरेएवढी लांब, लाल रंगाची, दोन्ही टोकं वाकवलेली. कृष्णाबाईने ती उचलून पाहिली आणि पहिल्यांदाच मुलाकडे कौतुकाने बघितलं.

"बोंबील वाळवायला आणलीस? शहाणा हाय माझा पोरगा. पण एकच? अजून तीन आण की!"

खुलासा ऐकल्यावर कौतुक लगेच मावळलं.

त्याच संध्याकाळी दांडी बसवली जोगेश्वरीच्या मार्तंडने. मार्तंड म्हणजे बोलण्यापेक्षा पाना जास्त चालवणारा मेकॅनिक. दांडीच्या टोकांना तीन-तीन होल होते.

"बाहेरचा होल नरम, आतला कडक," मार्तंड म्हणाला. "कुठला लावू?"

"आतला!"

"मधला लावून बघ आधी. गाडी रस्त्यावर चालवायचीय ना?"

"मग काय समुद्रात? आतला लाव यार!"

मार्तंडने मान हलवली आणि आतला लावला. गिऱ्हाईकाला अक्कल शिकवायची नाही, ती त्याला रस्ताच शिकवतो, हा त्याच्या धंद्याचा नियम होता.

चाचणी शनिवारी झाली. त्यासाठी कृणालने कोळीवाड्यामागची नवीकोरी काँक्रीटची गल्ली निवडली. आठच दिवसांपूर्वी झालेली, त्यामुळे अजून कुणी खणली नव्हती. टब काठोकाठ भरले, खाली पेपर पसरला, हेमांगी मागे बसली, आणि कृणालने गाडी डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे अशी काही फिरवली की एका म्हाताऱ्या काकांनी खिडकी लावून घेतली. टबातलं पाणी ढिम्म! हेमांगीने पेपरवर हात फिरवला. कोरडा ठणठणीत! कृणालने सुयोगला वाटेत गाठून सांगितलं, "तू दुसरी गाडी बघ."

रविवार उजाडला. टब भरले, पेपर पसरला. कृष्णाबाई पुढे बसली आणि हेमांगी मागे टबांशेजारी अंग चोरून. पहिलं वळण आलं. गाडी पाटावर बसवल्यासारखी सपाट गेली. कृष्णाबाईने मागे वळून पाहिलं.

"नाय सांडलं," ती म्हणाली. आवाजात किंचित निराशा होती.

"मी काय सांगत होतो!"

आणि पुढच्याच क्षणी डावं मागचं चाक खड्ड्यात गेलं.

एकच चाक गेलं होतं, पण त्या दांडीने उजव्या चाकालाही सोबत ओढलं. सगळी गाडी डावीकडून उजवीकडे असा हिसका देऊन हलली की हेमांगीचं डोकं काचेवर आपटलं. पाठोपाठ दुसरा खड्डा, उजवीकडे. मग तिसरा! वळणांचा अभ्यास कृणालने तोंडपाठ केला होता. खड्डे अभ्यासक्रमातच नव्हते!

"अरे हळू!"

"हळूच आहे, आई!"

"दादा, बांगडा! बांगडा उडाला!"

बांगडा उडाला तो थेट कृणालच्या मांडीवर. पाठोपाठ बर्फाचा गोळा त्याच्या कॉलरमधून आत शिरला. कृणालने किंकाळी फोडली, तिला पुढचा रिक्षावाला हॉर्न समजला आणि त्याने उलट दोन हॉर्न दिले. बाजार आला तेव्हा पेपर ओला नव्हता. पेपर उरलाच नव्हता! त्याचा लगदा झाला होता.

"सुयोगला फोन लाव," कृष्णाबाई म्हणाली.

घरी कृणाल पायरीवर तोंड पाडून बसला. वडील तुळशीदास शेजारी जाळं दुरुस्त करत होते. होडीवर तीस वर्षं तांडेलकी केलेला माणूस. होडी आणि तिच्यावरची माणसं सुखरूप परत आणणं एवढंच त्यांनी जन्मभर केलं. गाडीत त्यांना काडीचा रस नव्हता. कृणालने रडतरडत सगळं सांगितलं, दांडीसकट, होलसकट.

तुळशीदास सुई थांबवून हसले.

"नवीन तांडेल झालो तेव्हा मी पण हेच केलेलं. होडी कलायला नको म्हणून सगळं वजन तळात ठासून भरलं. होडी झाली ताठ. कलायचीच नाय! पण लाट आली की असा झटका द्यायची, दोन खलाशी पाण्यात गेले. त्यातला एक तुझा मामा. अजून बोलत नाय माझ्याशी नीट."

"मग?"

"मग काय! थोडं झुकू द्यायचं, पोरा. लाटेशी भांडायचं नाय. झुकून सावकाश परत आली पाहिजे, तीच होडी चांगली."

कृणाल ताडकन उठला. बापाला मिठी मारावी असं वाटलं, पण त्यांच्या हातात सुई होती. तो तसाच जोगेश्वरीला पळाला.

"बाहेरचा होल!" गॅरेजच्या दारातूनच ओरडला. "आणि मागचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर बदल, मेलेत ते. गाडी झुकू दे, पण झुलत राहायला नको!"

"हेच मी गुरुवारी सांगणार होतो," मार्तंड म्हणाला.

"मग सांगितलं का नाय?"

"तू ऐकणार होतास?"

आईची समजूत तुळशीदासांनी घातली. सुयोगला आठवडाभर थांबायला सांगितलं. पुढच्या रविवारी नवा पेपर पसरला. या खेपेला कृणाल छातीठोक काही बोलला नाही. ओठांतल्या ओठांत एकवीरा आईचं नाव घेत होता.

वळणावर गाडी जराशी झुकली आणि सावकाश सरळ झाली. खड्ड्यात चाक गेलं, गाडी एकदाच दबली आणि निमूट पुढे निघाली. बाजारात हेमांगीने टब उचलून पेपर बाहेर काढला आणि आईच्या हातात दिला. कृष्णाबाईने तो उजेडात धरला, बोटांनी चाचपला, गालालाही लावून पाहिला.

"कोरडा," ती म्हणाली. मग डोळे पुसत, "गाडी नाय विकायची."

कृणालला भरून आलं. दोन आठवड्यांची मेहनत, जोगेश्वरीच्या खेपा, कॉलरमधला बर्फ, सगळ्याचं सोनं झालं!

"खरंच मस्त चालते रे," कृष्णाबाई बॉनेटवर हात फिरवत म्हणाली. "मी इतकी वर्षं घाबरायचे हिला. आता एवढी शहाणी झालीय की कुणीपण चालवेल. मी उद्याच क्लासला नाव घालते. मग रोजची मासळी हिच्यातूनच!"

"रोजची? आणि मी ऑफिसला कसा जाणार?"

"बस हाय ना!"

महिन्याभरानंतर एका सोमवारी कृणाल बसस्टॉपवर उभा होता. समोरून त्याची गाडी आली. काचेवर लाल एल, शेजारी क्लासची मॅडम, आणि स्टीयरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलेली कृष्णाबाई. गाडी स्टॉपजवळच्या वळणावर जराशी झुकली आणि सावकाश सरळ झाली. एकदम झकास! कृणालचा ऊर अभिमानाने भरून आला. त्याने जोरजोरात हात केला.

आईने बघितलं नाही. मॅडमने तिला बजावलं होतं, रस्त्यात कुणीही हात केला तरी थांबायचं नाही.