नगरपालिकेचा घेवडा

वॅसकेट फॉल्स शहराचा एक जुना आणि आदरणीय कायदा आहे. जो नगरपालिकेचं खातो, त्याला नगरपालिकेच्या निवडणुकीत मत नाही. त्यामागचं कारणही तितकंच आदरणीय आहे. सार्वजनिक भांड्यातून जेवणारा माणूस ज्याच्या हातात डाव असेल त्यालाच मत देणार, आणि त्याने लोकशाहीला बट्टा लागणार. कापडगिरणी चालू होती तोवर या कायद्याने कुणाचं फारसं बिघडत नव्हतं. एक लंगडा सैनिक, काही म्हाताऱ्या आणि एक दारुडा एवढीच मंडळी त्यात बसत. मग बॉस्टनच्या मालकांनी गिरणीला कुलूप लावलं, आणि हा कायदा किती ऐसपैस आहे ते आम्हाला कळलं. दोन हिवाळ्यांत निम्मं शहर त्यात आरामात मावलं.

मी न्हावी आहे. कॅनॉल रस्त्यावर माझं दुकान, मागे माझी खोली. महापौर एझ्रा पेट्टिंगिल आणि त्यांचे प्रतिस्पर्धी कॉर्नेलियस हॅनराहन हे दोघेही माझ्याकडेच दाढी करतात. पेट्टिंगिल यांची कोळशाची वखार आहे आणि हॅनराहन शवपेट्या विकतात. त्यामुळे एकाचं गिऱ्हाईक कोळसा परवडेनासा होऊन तुटलं की ते आपोआप दुसऱ्याकडे जातं, आणि दोघांत तसं वैर असायचं काही कारण नाही.

फेब्रुवारीत एके सकाळी पेट्टिंगिलसाहेब खुर्चीत बसले होते. मार्चच्या पहिल्या सोमवारी मतदान होतं.

"काय रे, हे बेकार लोक माझ्यावर चिडलेत म्हणे?" त्यांनी विचारलं.

"तसं कानावर येतं, साहेब."

"उपाशी आहेत का?"

"आहेत की."

"मग त्यांना खायला घालायला हवं," साहेब हळव्या आवाजात म्हणाले. "ताबडतोब. मतदानाच्या आधी."

माझा वस्तरा हवेतच थांबला. फुकटच्या पिठाने माणसाचा कणा मोडतो, असं हेच गृहस्थ दोन वर्षं सांगत आले होते. त्या दुपारीच नगरपालिकेची गाडी बेकारांच्या वस्तीत फिरली, आणि दारोदार पिठाची पोती उतरली. ज्यांनी पोतं आत घेतलं, त्यांची नावं संध्याकाळपर्यंत मतदार म्हणून संपली. निर्धनाधीक्षक लूथर स्टेपल्स यांनी ती स्वतः खोडली. निर्धनाधीक्षक म्हणजे शहरात गरीब कोण ते ठरवणारा अधिकारी. माणूस सचोटीचा. कायदा सोडून त्यांना दुसरं व्यसन नव्हतं.

हॅनराहन गाफील राहिले, पण एकच दिवस. मदत समितीवर त्यांचा मेहुणा होता. दुसऱ्या दिवशी पिठाची पोती टेकडीवरच्या बंगल्यांसमोर दिसू लागली. बँकेचे मॅनेजर, दातांचे डॉक्टर, वकील, म्हणजे पेट्टिंगिल यांचे सगळे हक्काचे मतदार, सकाळी दार उघडतात तो पायरीवर नगरपालिकेचं पीठ! टेकडीवर हाहाकार उडाला. स्टेपल्स यांनी शांतपणे निर्णय दिला, की दारात आलेली मदत सूर्यास्तापर्यंत परत न गेल्यास ती स्वीकारली असं धरण्यात येईल.

परत करायला गेलं तर कचेरी बंद. मग माणूस काय करणार? शेजाऱ्याच्या पायरीवर ठेवणार. शेजारी त्याच्या शेजाऱ्याच्या. आमच्या शहरात इतका दानधर्म पूर्वी कधीच झाला नव्हता. वकीलसाहेब बर्फातून पोतं ओढत नेताना मी स्वतः पाहिले. फिरत फिरत बरीचशी पोती शेवटी मादाम गॉद्रो यांच्या बेकरीच्या मागच्या दाराशी येऊन पडली. त्यांनी ती आत घेतली.

"मादाम, तुमचं मत गेलं की!" मी म्हणालो.

"जाऊ दे मेलं," त्या म्हणाल्या. "मत मळता येत नाही. पीठ येतं."

बाई विधवा, शिकलेली नाही. असल्या लोकांना लोकशाही समजावणं कठीण असतं.

आता माझ्या डोक्यावर, म्हणजे वरच्या मजल्यावर, ओनेझिम तिबो राहत असे. कॅनडातून लहानपणी आलेला, गिरणीत विणकर, आता बेकार. त्याची बायको रोझाल्बा, आणि मुलगी जिनेट. तिचा खोकला साऱ्या हिवाळ्यात थांबलेला नव्हता. डॉक्टरांनी तिला पोटभर खाणं हे औषध लिहून दिलं होतं. पेट्टिंगिल यांच्या गाडीने ओनेझिमच्या दारात पोतं ठेवलं, तर यानं ते उचलून गाडीत परत टाकलं. माझ्या शेगडीचं धुराडं त्यांच्या खोलीतून वर जातं, त्यामुळे त्यांचं भांडण मला घरबसल्या ऐकू येई.

"काय केलंस तू? पीठ परत दिलंस?" रोझाल्बा ओरडत होती.

"सोमवारपर्यंत थांब. सोमवारी मत देतो, आणि मंगळवारी टोपी काढून स्टेपल्सच्या दारात उभा राहतो. बस?"

"आणि तोवर? तुझं मत उकडून घालू पोरीला?"

"रोझाल्बा, ऐक. गिरणीत माझ्या मागे मुकादम असायचा. घराला मालक. देवळात गेलो तर पाद्री बघतो मी थाळीत काय टाकतो ते. मत देताना त्या पडद्यामागे मात्र मी एकटा असतो गं. माझ्या खांद्यावरून कुणी बघत नाही. तेवढी एकच जागा आहे."

"उपाशी पोरीचा बाप म्हणून बघणारी मी आहे," ती म्हणाली. तिचे नागरिकत्वाचे कागद झालेले नव्हते, त्यामुळे तिला पडद्याचं महत्त्व कुठून कळणार?

हॅनराहनही जिना चढून आले. "शाब्बास, तिबो! मदत मागायची नाही. ताठ मानेनं राहायचं."

"मान ताठ आहे, साहेब. पोरीचं काय करू?"

"तिलाही ताठ ठेव," हॅनराहन म्हणाले आणि टोपी घालून खाली उतरले. सवयीने त्यांनी जाता जाता जिनेटची उंची नजरेनं मोजली.

असा तो शनिवार आला. शनिवारी आमच्याकडे प्रत्येक घरातून घेवड्याचं मडकं गॉद्रोबाईंच्या भट्टीत जातं. भिजवलेला घेवडा, खारवलेल्या डुकराच्या मांसाचा तुकडा, वर काकवी. झाकणाला आपापल्या खुणेची चिंधी. मडकं रात्रभर भट्टीत मुरतं, आणि रविवारी देवळातली मिस्सा आटोपली की माणसं ते फडक्यात धरून घरी नेतात. टेकडीवरच्यांकडे स्वतःच्या शेगड्या आहेत, पण निवडणुकीच्या वर्षी त्यांचीही मडकी येतात. जनतेशी नाळ जोडलेली असावी लागते. पेट्टिंगिल यांच्या मडक्याची चिंधी रेशमी होती.

त्या शनिवारी भट्टीपाशी फार वर्दळ होती. पेट्टिंगिल यांचा कारभारी आला आणि हॅनराहन यांच्या माणसांची मडकी ओळखून प्रत्येकात नगरपालिकेच्या मांसाचा एकेक तुकडा सोडून गेला. मग हॅनराहन यांचा मेहुणा आला आणि पेट्टिंगिलवाल्यांच्या मडक्यांत नगरपालिकेचा घेवडा मूठमूठ टाकून गेला. त्याला चिंध्यांच्या रंगातला फरक नीट कळत नाही, म्हणून त्याने खबरदारी घेऊन सगळ्याच मडक्यांत टाकला.

रविवारी सारं शहर जेवलं. यंदा चव काही औरच आहे, असं सगळेच म्हणत होते. मी तर दोनदा वाढून घेतलं आणि वरून बायकोकडे मीठही मागितलं. वरच्या मजल्यावर चुलीचा आवाज नव्हता. तिबोंचं मडकं भट्टीत गेलंच नव्हतं, कारण त्यात घालायला काही नव्हतं. माझ्या घेवड्याचा वास धुराड्याच्या भोकातून वर जात असणार. जिनेट खोकायची थांबली होती, बहुतेक वास घेत होती. मला वाईट वाटलं. पण दुसऱ्याच्या स्वाभिमानात आपण ढवळाढवळ करू नये, म्हणून मी भोकात चिंधी कोंबली.

सोमवारी सकाळी टाउन हॉलमध्ये रांग लागली. पहिलाच मतदार पुढे झाला, तोच पेट्टिंगिल यांचा कारभारी उठला.

"हरकत! या माणसाने नगरपालिकेचं मांस खाल्लंय. मी माझ्या हाताने घातलं!"

"तुझ्या साहेबांनी नगरपालिकेचा घेवडा खाल्लाय," हॅनराहनचा मेहुणा गरजला, "आणि तो मी घातलाय!"

दोघांनीही बायबलवर हात ठेवून शपथ घेतली. एवढी खरी साक्ष त्या हॉलमध्ये यापूर्वी कधी झाली नसेल. स्टेपल्स यांनी चष्मा पुसला. "दोन्ही साक्षी ग्राह्य," ते म्हणाले. "ज्यांचं मडकं भट्टीत होतं, ते सर्व आश्रित ठरतात. पुढचा."

"आणि मी?" पेट्टिंगिल यांनी विचारलं.

"साहेब, आपण तर काल संपूर्ण मडकं संपवलंत, असं आपणच सांगत होता."

पाद्रीबाबांना लोकांच्या मडक्यांतून वाटा जातो, ते बाद. डॉक्टरांना फी घेवड्यात मिळते, तेही बाद. हॅनराहन बाद, मी बाद. स्टेपल्स यांनी रविवारी काय खाल्लं ते आठवलं आणि खाली मान घालून स्वतःचं नाव खोडलं. शेवटी रांगेत एकटा ओनेझिम उरला. सोबत रोझाल्बा होती, आणि तिच्या कडेवर जिनेट. एवढी मोठी मुलगी, पण तिला चालवत नव्हतं.

"काल काय खाल्लंत?" स्टेपल्स यांनी विचारलं.

"काही नाही."

"शनिवारी?"

"बटाट्याच्या सालींचं पाणी."

"कुणाचे बटाटे?"

"माझे."

स्टेपल्स खुर्चीतून उठले आणि त्यांनी हात पुढे केला. "मस्यो तिबो, या शहरातले आपण एकमेव स्वावलंबी नागरिक आहात." आम्ही टाळ्या वाजवल्या. काहींचे डोळे पाणावले.

आता दोन्ही उमेदवारांनी त्याला घेरलं. एकाने निवडून येताच पोतं द्यायचं कबूल केलं. दुसऱ्याने पोतं घेतलं की पुढचं मत जातं, मी कायमची नोकरी देतो, असं सांगितलं. कुठली नोकरी? तर थडगी खणायची, उन्हाळ्यात, जमीन मऊ झाली की. तेवढ्यात गर्दीतून मादाम गॉद्रो घुसल्या. हातात गरम पावाचा जाड तुकडा, वर काकवी.

"सरका रे मेल्यांनो! पोरगी पांढरी पडलीय, दिसत नाही का?" त्यांनी पाव जिनेटच्या हातात दिला.

"थांबा!" पेट्टिंगिल आणि हॅनराहन एका सुरात ओरडले. निवडणुकीत त्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं. "ते पीठ नगरपालिकेचं आहे! पोरीनं खाल्लं तर कुटुंब आश्रित. मत जाईल!"

आणि पोरीच्या तोंडाशी गेलेला पाव हॅनराहन यांनी काढून घेतला. आम्ही सगळे तिथे होतो. कुणी हूं की चूं केलं नाही. लोकशाहीचा प्रश्न होता. जिनेट रडलीसुद्धा नाही, नुसती बोटाला लागलेली काकवी बघत राहिली. एक पोलीस पुढे झाला आणि त्याने रुमालाने तिचं बोट पुसलं.

ओनेझिमने ते पाहिलं. त्याने मतपत्रिका घेतली आणि तो पडद्यामागे गेला.

बराच वेळ काहीच हालचाल दिसेना. पेट्टिंगिल घाम पुसत होते. मग पडदा सरला. ओनेझिम बाहेर आला. त्याचे हात रिकामे होते आणि जबडा हलत होता. त्याने मान मागे टाकून कष्टाने घोट गिळला.

"मतपत्रिका कुठे आहे?" स्टेपल्स यांनी विचारलं.

"खाल्ली."

"काय?"

"कागद नगरपालिकेचा, शाई नगरपालिकेची. आता मी नगरपालिकेचं खाल्लंय." तो हॅनराहन यांच्याकडे वळला. "आता माझ्या पोरीला तो पाव द्या."

स्टेपल्स यांनी कायदा उघडला, वाचला, मिटला. "गिळलात ना? नक्की?"

"नक्की."

"मग आपण आश्रित आहात. मिस्टर हॅनराहन, पाव."

हॅनराहन यांनी खिशातून पाव काढला. त्याला तंबाखूचा चुरा लागला होता. जिनेटने तो आईच्या कडेवरच खाल्ला. रोझाल्बाने नवऱ्याच्या दंडाला धरलं. मला वाटतं, त्या पडद्यामागे तो काय ठेवून आला होता ते तिला आता कळलं होतं.

मतं पडली शून्य. अशा वेळी जुनाच महापौर चालू राहतो, म्हणून पेट्टिंगिल चालू राहिले. आश्रिताला महापौर कसं होता येईल, अशी शंका हॅनराहन यांनी काढली. स्टेपल्स यांनी निकाल दिला, की आश्रिताला मत देता येत नाही, पण त्याने शहर चालवू नये असं कुठेही लिहिलेलं नाही. त्याच बैठकीत आम्हा बाकीच्यांना घेवडा नकळत खाल्ल्याबद्दल माफी मिळाली, आणि मतं परत मिळाली. तिबोला मिळाली नाही, कारण त्याने जाणूनबुजून खाल्लं होतं.

पुढच्या आठवड्यात तो माझ्याकडे केस कापायला आला. जिनेटचा खोकला कमी होता. दुकानात गर्दी होती, म्हणून मी जरा गंमत केली.

"काय तिबो, मत चवीला कसं लागलं?"

"कडू," तो आरशात माझ्याकडे बघत म्हणाला. "पण मी खाताना ते मत आहे हे मला ठाऊक होतं. तुम्हाला घेवड्यात घालून दिलं, आणि तुम्ही वरून मीठ मागितलंत. धुराड्यातून वर ऐकू येतं सगळं."

मी त्याचे केस कापले, मान झाडली आणि त्याला जाऊ दिलं. त्यानंतर तो माझ्याकडे आलेला नाही.

येत्या मार्चमध्ये पुन्हा निवडणूक आहे. आज शनिवार. माझं मडकं भट्टीत गेलं आहे, झाकण नीट बसवलं की नाही ते मी पाहिलेलं नाही. तुमचं मडकं कुठे आहे, आणि झाकण कुणी उघडलं होतं, हे मी विचारत नाही. उद्या जेवायला बसाल तेव्हा चव बरी लागली, तर मात्र मीठ मागू नका.