मालकांना फोन करू नये

"मला गंडवणारा अजून जन्माला यायचाय!" शनिवारी सकाळी चहाचा कप दाणकन खाली ठेवत भिंगसाहेबांनी जाहीर केलं.

भिंगसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते वजनमापं खात्यात निरीक्षक. दुकानादुकानांतून तराजू तपासत हिंडायचे आणि काटा केसभर हलला तरी दुकानदाराला घाम फोडायचे. म्हणून कचेरीत त्यांना सगळे भिंग म्हणत. हे कानावर आलं तेव्हा त्यांना रागाऐवजी आनंदच झाला होता. घरीही ते निरीक्षकच! एकदा कप फुटला तर त्यांनी चार दिवस सगळ्यांचे जबाब घेतले होते. तो त्यांच्याच कोपराच्या धक्क्याने पडला होता असं पाचव्या दिवशी निघालं, तेव्हा चौकशी गुपचूप गुंडाळली गेली.

आज पाळी होती एका जुन्या गाडीची. लेक फिजिओथेरपिस्ट. रुग्णांच्या घरी जाऊन व्यायाम करून घ्यायची नोकरी तिला मिळाली होती, सोमवारी हजर व्हायचं होतं, आणि अट एकच होती, स्वतःची गाडी हवी. तीन आठवड्यांत साहेबांनी नऊ गाड्या नापास केल्या होत्या. एकीच्या सीटवर मांजराचा केस सापडला. एकीचा हॉर्न त्यांना उद्धट वाटला.

"बाबा, ही दहावी," लेक रडकुंडीला येऊन म्हणाली. "आज नाही झालं तर नोकरी गेली!"

दहावी गाडी होती एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंची. साहेबांच्या गाडीची जुळी बहीणच! तीच कंपनी, तेच मॉडेल, तोच चंदेरी रंग, फक्त वर्षभराने नवी. स्वतःच्या गाडीवर साहेबांचा भारी जीव. "सहा वर्षं झाली! एक ओरखडा नाही! याला म्हणतात गाडी सांभाळणं!" असं ते दर रविवारी म्हणत, आणि ते म्हणाले की बायको हटकून खिडकीबाहेर बघायची अन् लेक मोबाइलमध्ये डोकं खुपसायची.

बाईंनी सर्व्हिसचं पुस्तक पुढे ठेवलं. प्रत्येक पानावर शिक्का, तारीख, सही.

"शिक्के काय, कोणीही मारतं!" साहेब म्हणाले. "मी सर्व्हिस सेंटरच्या कॉम्प्युटरवरून इतिहास काढणार. वॉरंटीसकट!"

"काढा की," बाई शांतपणे म्हणाल्या. त्यांनी गाडीच्या नंबरासकट संमतीचं पत्र लिहून दिलं. "पण एक वाजता दुसरं गिऱ्हाईक येतंय. तोवर काय ते सांगा."

बायको आणि लेक तिथेच थांबल्या. साहेब एकटेच निघाले. सेंटरमध्ये ते आयुष्यात पहिल्यांदा जात होते, बरं का! घरची गाडी सर्व्हिसिंगला बायकोच न्यायची. साहेब घरी बसून भिंगाखाली बिल तपासायचे.

काउंटरवरच्या चष्मेवाल्याने पत्र न वाचताच फाइलला लावलं आणि एक फॉर्म पुढे सरकवला. फॉर्म दिसला की साहेबांचा हात आपोआप चालतो. तीस वर्षांची सवय! त्यांनी टकाटक सगळे रकाने भरले आणि झोकदार सही ठोकली.

"मालकाचं नाव आणि फोन छापत नाही आम्ही," चष्मेवाला म्हणाला. "बाकी सगळं मिळेल."

प्रिंटरमधून एक कागद आला. मग दुसरा. मग तिसरा. मग यंत्र जरा दमलं आणि पुन्हा चालू झालं.

"एवढं?" साहेबांचे डोळे विस्फारले. "बाई तर म्हणत होत्या, गाडी फुलासारखी जपलीय!"

"फुलासारखी?" चष्मेवाल्याने कागदावर नजर टाकली आणि त्याला हसू आवरेना. "अहो, ही गाडी आमच्या सगळ्या स्टाफला पाठ आहे! हे बघा. मागचा बंपर बदलला. मागचा बंपर बदलला. मागचा बंपर..."

"तीन वेळा?"

"फाटकाचा खांब. तिन्ही वेळा तोच. आणि हे बघा, डावं दार नवीन. घरातली मुलगी शिकत होती म्हणे चालवायला."

बाईंच्या घरात मुलगी कुठून आली, हा प्रश्न साहेबांना पडायला हवा होता. पण ते तेव्हा रागाने पुढची पानं उलटत होते.

"आणि हा प्रत्येक पानावर शेरा कसला?"

"तो कायमचा आहे." चष्मेवाल्याने वाचून दाखवला. "मालकांना फोन करू नये. बिलं दोन करावीत. छोटं मालकांसाठी."

साहेब मटकन खुर्चीत बसले. तीस वर्षांत असली लबाडी त्यांनी पाहिली नव्हती! खोटी वजनं पाहिली, तळाला मेण लावलेली मापं पाहिली, पण दोन बिलं!

"म्हणजे घरच्या माणसालाच फसवतात? आणि त्या बावळटाला पत्ता नाही?"

"त्याला कसला पत्ता! आता वॉरंटीचं बघा. वाढीव पाच वर्षांची घेतली होती. रद्द."

"का?"

"मालकांनी घरच्या घरी गाडीची निगा राखली. काच धुवायचं पाणी भरायचं म्हणून भांडी घासायचा साबण कालवला आणि ओतला कुठे, तर इंजिन थंड ठेवायच्या टाकीत! गाडी उचलून आणली तेव्हा बॉनेटमधून नुसता फेस! आम्ही त्यांना इथे साबणवालेच म्हणतो."

"महामूर्ख!" साहेब कडाडले. "असल्या माणसाच्या हाती गाडी देतं कोण?"

कागदांची गुंडाळी तलवारीसारखी धरून ते बाईंच्या घरी परतले तेव्हा एक वाजायला वीस मिनिटं होती.

"व्यवहार रद्द!" दारातूनच त्यांनी तोफ डागली. "बाई, तुम्ही पिढ्या घडवल्यात आणि ही असली फसवाफसवी? तीन बंपर! एक दार!"

बायकोच्या हातातला पेला डचमळला. लेक उभी होती ती हळूच खाली बसली.

"अहो, जरा इकडे या बरं," बायको म्हणाली.

"थांब गं! तू ऐक तर! म्हणे मालकांना फोन करू नये! म्हणे बिलं दोन करावीत!"

"अहो, घरी जाऊन बोलू ना!"

"आणि तो साबणवाला कोण आहे तुमच्या घरात? आणा त्याला समोर! माझ्या लेकीची नोकरी जायची वेळ आलीय त्याच्यापायी!"

"या घरात मी एकटीच राहते," बाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा चढवला, कागद हातात घेतले आणि उत्तरपत्रिका तपासावी तसे वरून खाली पाहिले. मग पहिल्या पानाच्या डोक्यावर बोट ठेवलं. "हा नंबर माझ्या गाडीचा नाही."

"नाही कसा? मी स्वतःच्या हाताने..." साहेबांनी भिंग काढलं. नंबर पाहिला. परत पाहिला. सहा वर्षं विम्यावर, पार्किंगच्या पासवर, प्रत्येक फॉर्मवर लिहिलेला तो नंबर! त्यांच्याच गाडीचा!

भिंतीवरचं घड्याळ टिकटिकत उगाच आगाऊपणा करतंय असं वाटलं.

"खांब माझा," बायको हळूच म्हणाली.

"दार माझं," लेक म्हणाली.

"सहा वर्षं!" साहेब पुटपुटले. "माझ्या नाकाखाली! मला सांगता येत नव्हतं?"

"कप फुटला तर तुम्ही चार दिवस जबाब घेता," बायको म्हणाली. "दार फुटल्यावर आम्ही गाव सोडून जायचं होतं का?"

पुढचा प्रश्न विचारायची साहेबांची अजिबात इच्छा नव्हती, तरी तो तोंडातून निसटलाच.

"आणि ते साबणाचं? ते का लपवलंस?"

बायकोने त्यांच्याकडे बघितलं. "त्या दिवशी तुम्ही बाह्या सरसावून घरभर फिरत होतात. गाडीची निगा अशी राखतात म्हणून शेजाऱ्यांनाही बोलावून दाखवलंत. इतकं खूश मी तुम्हाला कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं. कुठल्या तोंडाने सांगायचं?"

साहेबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ऑफिसात कोणी त्यांच्यासमोर असा रडवेला चेहरा केला असता तर त्यांनी दंड वाढवला असता. इथे रडवेला चेहरा त्यांचाच होता.

तेवढ्यात दारावरची घंटा वाजली. एक वाजता येणारं गिऱ्हाईक! लेकीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. साहेब उठले आणि उभ्या जन्मात न केलेली गोष्ट त्यांनी केली. हात जोडले.

"बाई, चूक माझी. तुमच्या पुस्तकातला एक शिक्काही मी आता तपासणार नाही. गाडी माझ्या लेकीला द्या."

"तुम्ही नाही तपासणार, पण मी तपासलं ना!" बाई म्हणाल्या. "एवढा सविस्तर इतिहास कोणत्याच गिऱ्हाइकाने मला आणून दिला नव्हता." मग त्या लेकीकडे वळल्या. "दार ठोकलंस तेव्हा दुरुस्त करून घेतलंस?"

"त्याच दिवशी, बाई."

"मग गाडी तुझी. वॉरंटी अजून वर्षभर आहे, तीही तुझ्या नावावर करून देते. एका अटीवर." त्यांनी साहेबांना चष्म्यावरून न्याहाळलं. "बॉनेट यांनी उघडायचं नाही."

ही अट विक्रीच्या कागदावर लिहिली गेली. साहेबांनी ती वाचली आणि खाली सही केली, या खेपेला जरा लहान.

लेक सोमवारी नोकरीवर हजर झाली. तीन महिन्यांनी तिच्या गाडीचं पहिलं सर्व्हिसिंग झालं, आणि सवयीप्रमाणे बिल साहेबांच्या टेबलावर आलं. त्यांनी भिंग काढलं. तेल बरोबर. फिल्टर बरोबर. मजुरी बरोबर. बेरीज बरोबर. मग भिंग अगदी तळाशी गेलं. तिथे, साध्या डोळ्यांना दिसणार नाही एवढ्या बारीक अक्षरांत छापलं होतं, "बिल दोनपैकी दुसरं."

स्वयंपाकघरातला मायलेकींचा आवाज एकदम थांबला होता.

साहेबांनी भिंग पुसलं, खणात ठेवलं आणि खण बंद केला.

"बरोबर आहे गं!" ते मोठ्याने म्हणाले. "एका पैचाही फरक नाही!"