वाघ अधिक शेळी

एका जंगलात, बाळांनो, कॉम्प्युटर आला. कसा आला ते विचारू नका. सरकारी वस्तू कशा येतात हे मोठ्यांनाही ठाऊक नसतं. सिंहमहाराजांनी लगेच फर्मान काढलं, "हा सांगेल ते अंतिम." महाराजांना दुपारी झोप लागत असे, त्यामुळे ही सोय त्यांना फार आवडली.

कॉम्प्युटरला आज्ञा लिहून द्यायचं काम उडीपंत माकडाकडे होतं. 'अधिक' हे चिन्ह तेव्हा फक्त आकड्यांत चाले.

एके दिवशी सुगरण पक्षीण आली. "पंत, दोन वेली जोडायच्या, तर 'पहिल्या वेलीच्या शेवटाला दुसरीचं टोक बांध' एवढं लांबण दरवेळी लावू का?"

"छे, छे! 'वेल अधिक वेल' लिही. वेलींपुरता अधिकचा अर्थ तूच ठरव."

झालं! सुगरणीची घरटी भराभर होऊ लागली. मग नदी अधिक नदी, संगम. ढग अधिक ढग, गडगडाट. लिहायला थोडं, वाचायला गोड. खरं सांगतो, मलाही ते फार आवडलं.

पाठकबुवा कासवांना मात्र नाही आवडलं. "एका चिन्हाला एक अर्थ बरा. उद्या कोण काय ठरवील, सांगता येतं का?"

"बुवा, तुम्ही अगदीच जुन्या वळणाचे," उडीपंत म्हणाले.

"अधिकस्य अधिकं फलम्," महाराज झोपेतच म्हणाले आणि विषय संपला.

मग पट्टेराव वाघ आले. त्यांनीही आपला अर्थ दिला: वाघ अधिक कोणीही, बरोबर वाघ. उडीपंतांनी तो न वाचताच घालून टाकला. वाघ समोर बसलेला असताना कोण वाचत बसतो?

पाणवठ्याच्या राखणीला जोड्या लागत होत्या. पहिली जोडी निघाली, वाघ अधिक ससा. उत्तर आलं, वाघ.

"ससा कुठे गेला?" सगळ्यांनी विचारलं.

"उत्तरात आहे की!" पट्टेराव ढेकर देत म्हणाले. "जरा वातड होता."

शेळी जाते जिवानिशी, खाणारा म्हणतो वातड. म्हणीत शेळी आहे म्हटल्यावर पुढचा नंबर कोणाचा, हे सांगायला नकोच. मिरगी शेळीचं नाव निघालं. घरी तिची दोन करडं वाट बघत होती. ती रडत उडीपंतांकडे आली.

"पंत, बेरजेत मी नाहीशी कशी होते हो?"

"काय करू बाई! डावीकडे ज्याचं नाव, त्याचा अर्थ चालतो. नियमच आहे तसा."

"आणि डावीकडे वाघच का?"

"लग्नपत्रिकेत नाही का, मान्यवरांची नावं आधी? तसंच."

मिरगीने डोळे पुसले. "मग मला आधी लिहा."

"काय उपयोग?" पाठकबुवा हळहळले. "बेरीज उलटी केली तरी उत्तर तेच येतं, बाळ."

"ते आकड्यांचं झालं, बुवा. आम्ही आकडे कुठे आहोत?"

उडीपंतांनी इकडेतिकडे पाहिलं. पट्टेराव नदीवर पाणी प्यायला गेले होते. पंतांनी पटकन लिहिलं, शेळी अधिक वाघ. आणि मिरगीने अर्थ सांगितला.

कॉम्प्युटरवर उत्तर उमटलं: शेळी घरी, वाघ उपाशी.

पट्टेरावांनी येऊन अशी डरकाळी फोडली की महाराज जागे झाले. झोपमोड झाल्यामुळे ते भयंकर चिडले होते. उत्तर वाचून म्हणाले, "अंतिम म्हणजे अंतिम. वाघोबा, आज उपास करा."

मिरगी उड्या मारत करडांकडे गेली. दुसऱ्या दिवशी उडीपंतांच्या झाडाखाली ही गर्दी! जो तो म्हणे, मला डावीकडे लिहा. उजवीकडे उभं राहायला अख्ख्या जंगलात कोणी मिळेना. पाणवठ्याला राखण नाही ती नाहीच.

तात्पर्य: एका चिन्हाला किती अर्थ असावेत, यावर विद्वानांना खुशाल भांडू द्यावं. तेवढ्या वेळात आपण आपलं नाव डावीकडे लिहून घ्यावं.