केझियाची कोंबडी

पाहुणे जेवायला येणार हे नक्की झाल्यापासून हेझ्रोन आसावाने कोंबडीला घराबाहेर सोडलं नव्हतं.

मारागोलीच्या टेकड्यांवर पाहुण्याला कोंबडी न वाढणं म्हणजे त्याला दारातून हाकलण्यासारखंच. त्यात हे पाहुणे परदेशातले, मिशनबरोबर आलेले, चांगले सातआठ जण. आठवडाभर त्यांनी शाळेच्या भिंती रंगवल्या होत्या आणि रविवारी चर्चला येऊन ते तिथेच जेवणार होते. स्वयंपाकाची सूत्रं आसावाच्या थोरल्या भावाच्या बायकोकडे, रासोआकडे होती. शनिवारी सकाळपासून ती घरोघर फिरत होती, आणि ती ज्या अंगणातून बाहेर पडे तिथे फक्त पिसं उरत.

आसावाने तिला केळ्यांचा आख्खा घड दिला. तिने तो घेतला आणि त्याच्या खांद्यावरून घरात पाहिलं.

"भावजी, ती खुर्चीत कोण बसलीय?"

"ती केझियाची आहे."

"माहीत आहे मला. माझ्याच कोंबड्याची लेक ती."

"वहिनी, केळी दिलीत ना मी."

"मग पाहुण्यांच्या ताटात केळी ठेवून सांगू का, यांना पंख फुटायचेत अजून?" असं म्हणून रासोआ गेली, पण जाताना कुंपणातली फट बघून गेली.

केझिया म्हणजे आसावाची बायको. तिला जाऊन वर्ष व्हायचं होतं. तिच्या कोंबड्यांपैकी ही एकच उरली होती. तपकिरी रंगाची, उघड्या मानेची आणि स्वभावाने हट्टी. केझिया तिला 'बाई' म्हणायची आणि नवऱ्याच्या सगळ्या तक्रारी तिच्यापाशी करायची. आता संध्याकाळी बाई केझियाच्या खुर्चीत बसे आणि आसावा तिला शेतावरचं काय काय सांगे. हे गावात कुणाला ठाऊक नव्हतं. ठाऊक होऊ नये याची तो काळजीही घेत असे.

बाईला कापू द्यायचं नाही, हे त्याने ठरवून टाकलं. रविवारी सकाळी त्याने शांतपणे विचार केला. घरी ठेवावी तर कुंपणाला फट. शेजारी ठेवावी तर शेजारी रासोआच. आज तिची नजर पडणार नाही अशी जागा कोणती? रासोआ चर्चमागे चुलींपाशी असणार, म्हणजे चर्चच्या आत नसणार. कोंबडी शोधायला प्रार्थनेत कोण येतंय? त्याने बाईला केझियाच्या झाकणाच्या टोपलीत बसवलं, सोबत मूठभर मका टाकला, वरून फडकं बांधलं आणि चर्चमध्ये सगळ्यात मागच्या बाकाखाली टोपली सरकवून तो वर बसला.

पहिली दोन गाणी ठीक गेली. ढोल वाजत होते तोवर बाई आतून काय बोलते ते कुणाला ऐकू येण्यासारखं नव्हतं. मूक प्रार्थनेत ती एकदा बोलली, तेव्हा आसावा जोरात खोकला. पुन्हा बोलली, तेव्हा पुन्हा खोकला. शेजारच्या म्हाताऱ्याने डोळे न उघडता विचारलं, "छातीतनं येतंय का?"

"हो."

"कोंबडीसारखं येतंय. दाखवून घे कुणाला तरी."

मग अर्पणाची वेळ आली. एकेक बाक उठून नाचत पुढे जातो आणि जे आणलं असेल ते वेदीपुढे ठेवून परत येतो, कुणी ऊस, कुणी अंडी, कुणी रताळी. आसावाच्या बाकाची पाळी आली तसा तो खिशातलं नाणं घेऊन पुढे गेला. तो नाणं ठेवून वळतो तोच मधल्या वाटेने जुंबा येताना दिसला. जुंबा चर्चमधली बसण्याउठण्याची व्यवस्था बघायचा, आणि मदतीला असा तत्पर होता की लोक त्याला भीत. त्याच्या दोन्ही हातांत केझियाची टोपली होती.

"आसावा, अर्पण बाकाखालीच विसरलात की हो," जुंबा म्हणाला आणि त्याने वेदीसमोर फडकं सोडलं.

बाईने मान बाहेर काढली आणि सभेकडे पाहिलं.

चर्चमध्ये टोपलीतून जे येतं ते देवाचं. यात गावात कधी दुमत झालेलं नाही. आसावाने तोंड उघडलं, पण त्याआधी पाद्री केगोडे उभे राहिले होते.

"पाहा," ते म्हणाले, "सगळ्यांना दिसेल असं नाणं ठेवलं, आणि खरं दान लपवलं. उजवा हात देतो ते डाव्याला कळू नये, ते हे असं. आणि आज हे दान आपण आपल्या पाहुण्यांना देऊ."

पाहुण्यांतले सगळ्यात ज्येष्ठ मिस्टर वेंडेल उंच, पांढऱ्या भुवयांचे गृहस्थ होते. त्यांनी बाईला तान्ह्या मुलासारखं दोन्ही हातांत धरलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग जुंबाने ती अदबीने त्यांच्या हातून घेतली आणि मागच्या दाराने चुलींकडे पोचवली.

आसावाही मागच्या दाराने निघाला. चुलींवर मोठी पातेली चढली होती. रासोआने बाईला काखेत धरलं होतं.

"वहिनी, ती द्या इकडे."

"कुणाच्या सांगण्यावरून? तुम्ही देवाला दिलीत, देवाने पाहुण्याला दिली, पाहुण्याने मला. आता तुम्ही यात कुठे बसता?"

"म्हातारी आहे. शिजायची नाही."

"लाकडं भरपूर आहेत."

"आजारी आहे ती."

"देवाला आजारी कोंबडी दिलीत? हे पाद्रीबाबांना सांगू?"

आसावाने चर्चच्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाला, "पाहुण्यांनीच नको म्हटलं तर?"

"त्यांनी नको म्हटलं तर माझं काही म्हणणं नाही," रासोआ म्हणाली. "पण लवकर म्हणायला सांगा. हिच्यासाठी पाणी ठेवलंय."

आत साक्षी सुरू झाल्या होत्या. ज्याला देवाने केलेलं काही सांगायचं असेल त्याने पुढे यायचं. शाळेतला मास्तर किसिया पाहुण्यांच्या भाषेत सांगत होता. आसावा जन्मभर या चर्चमध्ये मागच्या बाकावर बसत आला होता आणि तिथून पुढे येऊन एक शब्द बोलला नव्हता. तो सरळ पुढे गेला. केझियाच्या जुन्या मैत्रिणी एकमेकींना कोपराने ढोसू लागल्या.

सरळ मागावी तर पाद्रीबाबांचं हसं होईल. म्हणून कोंबडी काय आहे तेवढं सांगायचं, पाहुणा शहाणा असेल तर आपण होऊन परत देईल, असा त्याने विचार केला.

"ती कोंबडी माझ्या बायकोची," तो म्हणाला. "केझियाची."

किसियाने सांगितलं. पाहुण्यांनी छातीवर हात ठेवला.

"तिच्या मागे एवढीच उरलीय."

"आमेन," पाद्री म्हणाले. "उरलेली एकुलती एक दिली."

"तसं नाही. म्हणजे तसंच. पण ती तिच्या खुर्चीत बसते. केझिया आजारी होती तेव्हा ही खाटेखालून हलली नाही. आता घरात दुसरं कुणी नाही. मी संध्याकाळी तिच्याशी बोलतो."

बोलून गेल्यावर त्याचे कान तापले. पण कुणी हसलं नाही. बायका डोळे पुसत होत्या. "आमेन" सगळीकडून येऊ लागलं. आसावाच्या लक्षात आलं की आपण जितकं खरं सांगतोय तितकं आपलं दान मोठं होत चाललंय.

मिस्टर वेंडेल उठले. त्यांचे डोळे भरले होते. ते बोलले आणि किसियाने सांगितलं, "पाहुणे म्हणतात, असं दान नाकारायला माझी काय लायकी? मी प्रत्येक घास केझियाच्या आठवणीने खाईन."

"नाही," आसावा म्हणाला. मग त्याने सगळा संकोच सोडला. "ऐका माझं. मला ती परत..."

पण तेवढ्यात ढोल सुरू झाला होता. आख्खी सभा उभी राहिली, आणि दोघा दांडग्या माणसांनी आसावाला खांद्यावर उचललं. खिडकीतून चुलींचा धूर आत येत होता. खिडकीत रासोआ उभी होती. ती केव्हापासून ऐकत होती कुणास ठाऊक. त्याने तिच्याकडे पाहून नकारार्थी मान जोरजोरात हलवली. ती निघून गेली.

जेवणाला आसावाला पाहुण्यांच्या शेजारी बसवलं. ताट आलं. मक्याच्या पिठाची घट्ट उगाली, पालेभाजी आणि रश्श्यात कोंबडी. कोंबडीचा पोटा इथे घरधन्याचा मान. केझिया गेल्यापासून आसावाच्या ताटात तो आला नव्हता. मिस्टर वेंडेलनी किसियाकडून ते समजून घेतलं, पोट्याचे दोन तुकडे केले आणि एक आसावापुढे ठेवला. सगळे बघत होते. आसावाने तो तोंडात घातला आणि बराच वेळ चावला.

रासोआ वाढायला वाकली. "कसा आहे?" तिने हळूच विचारलं.

"चिवट."

"असणारच. माझा कोंबडा होता तो."

आसावाचा घास तिथेच थांबला.

"तुमची टोपली टेबलाखाली आहे," ती म्हणाली. "जेवून उठा, आणि मागच्या वाटेने घरी जा. केझिया गेली त्या दिवसापासून माझ्याशी चार शब्द बोलला नाहीत, आणि आज परक्याला सगळं सांगून बसलात. मला काय कान नाहीत?"

"वहिनी..."

"गप जेवा. माझा कोंबडा आहे, टाकायचा नाही."

शेवटी मिस्टर वेंडेल आभार मानायला उठले. ही चव आपण मरेपर्यंत विसरणार नाही, असं ते म्हणाले. त्यावर टेबलाखालून बाई स्पष्टपणे बोलली. सगळे थांबले. आसावा जोरात खोकला.

"दाखवून घे म्हटलं ना तुला," पलीकडून म्हातारा म्हणाला.

गावाच्या लेखी आता ती कोंबडी मेली होती. म्हणून आसावाने सोमवारभर तिला घरातच ठेवलं. पण बाईचा स्वभाव सांगितलाच आहे. मंगळवारी तिने दार उघडायची वाट बघितली, त्याच्या पायांमधून निसटली आणि कुंपणावर जाऊन बसली, नेमकी पाद्री केगोडे वाटेने येत असताना.

पाद्री थांबले. त्यांनी कुंपणावर पाहिलं. तीच उघडी मान. मग त्यांनी आसावाकडे पाहिलं.

"आसावा."

"पाद्रीबाबा."

"आज रविवारपासून तिसरा दिवस ना?"

आसावाने बोटं मोजली. "हो."

पलीकडच्या अंगणात रासोआ झाडत होती, ती झाडायची थांबली होती.

"मग," पाद्री म्हणाले, "तिसऱ्या दिवशी कुणी मरणातून उठलं, तर आम्हा लोकांना नवल वाटून कसं चालेल?" आणि टोपी सारखी करून ते चालू लागले. वळणावर जाऊन त्यांनी मागे पाहिलं. "पण पुढल्या वेळी पाहुणे आले की हिला घरीच ठेवा."

"ठेवतो."

"आणि ती फट बुजवा."

आसावाने त्याच दिवशी फट बुजवायला घेतली. पलीकडून काठ्या धरायला रासोआ होती.