बारा दिवसांचा महिना

बायकोने दवाखान्यातून पाळीचे दिवस मोजायची बत्तीस मण्यांची माळ आणली आणि शिलाई मशिनच्या वर, खिळ्याला टांगली. "मण्यावरचं हे रबराचं कडं रोज एक मणी पुढे सरकवायचं. तपकिरी मणी असला की काळजी नाही. पांढरे बारा आले की दिवस राहायची भीती, तेव्हा तुम्ही कापड बेतायच्या टेबलावर झोपायचं."

शिंप्याला हे मनापासून पटलं. दोन खोल्या, चार पोरं, आई आणि मशिन. पाचवं आलं तर निजवायचं कुठे, या धास्तीने बिचाऱ्याला घास गोड लागत नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून मशिनवर बसण्याआधी तो रबर सरकवू लागला. पांढरे मणी आले तसा निमूट टेबलावर गेला. चार रात्रींत पाठीचं लाकूड झालं आणि पाचव्या दिवशी बघतो तर रबर तपकिरीवर. "शास्त्र फार पुढे गेलंय बुवा," म्हणत स्वारी खुशीत गादीवर परतली.

बाराव्या दिवशी सकाळी रबर शेवटच्या मण्यावर आलं. मापात अर्धा इंच न चुकणाऱ्या शिंप्याने कॅलेंडर पाहिलं, तर पाळीपासून दिवस बाराच झाले होते.

"आई, माळेला कोण हात लावतं?"

"मीच सरकवते रोज. तुला लहानपणापासून विसरायची खोड."

"मी पण सरकवते," थोरली दप्तर भरता भरता म्हणाली. "आजी विसरते ना."

आजी पोरांना घेऊन शाळेच्या वाटेला लागली. शिंप्याने मापाची टेप काढून सेंटिमीटरवर दिवस मोजले. तो गादीवर परतला, नेमका त्याच दिवशी खरा पहिला पांढरा मणी होता. टेप हातात घेऊनच तो बायकोकडे धावला.

"अगं, संपलं सगळं. आता पाचव्याला काय मशिनवर निजवू?"

बायको शर्टाला बटण लावत होती. तिने दोरा दाताने तोडला. "धाकटीच्या बाळंतपणातच मी तांबी बसवून घेतलीय."

"मग ही माळ कशाला?"

"आई रोज विचारायच्या, पाचवं कधी. तुम्ही रोज बजावायचात, पाचवं नको. म्हटलं, सगळ्यांच्या हाताला काम द्यावं."

"मला तरी सांगायचंस."

"तुमच्या पोटात काही राहतं का? संध्याकाळपर्यंत गिऱ्हाइकांनासुद्धा कळलं असतं."

शिंप्याने टेप गुंडाळून ठेवली. मग कमरेवर हात ठेवून म्हणाला, "आणि मी टेबलावर काढलेल्या चार रात्री?"

"बारा वर्षांत पहिल्यांदा पाय लांब करून झोपले मी," बायकोने पुढचं बटण घेतलं. "माळ आहे तिथेच राहू दे."