सुभेदार आबांचे पाच छर्रे

सुभेदार आबा कधी कुणाकडे बोट रोखत नसत. मलकापुरात आम्ही त्यांचे शेजारी. पोस्टाचा रस्ता विचारला तरी ते अख्खा पंजा उघडून दिशा दाखवत. छत्रीचं टोक, अडकित्त्याचं तोंड, सगळं जमिनीकडे. एकदा बोलण्याच्या भरात मी त्यांच्यावर पेन रोखलं, तर शांतपणे म्हणाले, "नळी खाली, मास्तर." मास्तर मी, पण पाठ माझीच ताठ झाली.

या शिस्तीचं मूळ म्हणजे पंपाचं हवेचं पिस्तूल. पलटणीतल्या साहेबानं निवृत्तीला दिलेलं. रोज संध्याकाळी पाच वाजता परसातल्या शेवग्याला टांगलेल्या डब्याच्या झाकणावर पाच छर्रे. मागे मातीची पोती, डोळ्यांच्या बचावाला साधा चष्मा. परसात शेजारची कोंबडी दिसली तरी कार्यक्रम तहकूब.

मला शिकवायचा त्यांनी चंगच बांधला होता. दहा पावलांना तीन पंप पुरे, असं ते सांगत. मी हौसेनं आठ मारले आणि हातच थरथरायला लागला.

"हवा भरून नेम येत न्हाई. श्वास अर्धा सोडायचा, बोट हळू दाबायचं, आन् छर्रा सुटला तरी हात तितंच ठेवायचा."

हे शेवटचं मला कधी जमलं नाही. मी लगेच झाकणाकडे पळायचो.

आबांच्या पत्नीला, म्हणजे काकींना, गुडघ्यांमुळे परसात येववत नसे. पाचवं 'टण' ऐकलं की त्या आत चहाचं आधण ठेवत.

मग मिरजेला आबांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दीड महिन्यानं ते जाड भिंगांचा चष्मा लावून परसात उभे राहिले. पाचही छर्रे पोत्यात. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी काकींनी मला दारात गाठलं. डॉक्टरनं काही लपवलंय का, असं त्यांनी दोनदा विचारलं. मला त्यांची काळजी बघवेना.

मी आबांना युक्ती सुचवली. मी झाडाशी उभा राहतो, झाकणावर खडा मारतो, काकींचा जीव भांड्यात पडेल.

त्यांनी पिस्तूल खाली ठेवलं. "नळीम्होरं माणूस न्हाई. आन् तिला खोटं कळवायचं न्हाई." मग म्हणाले, "माज्या पत्राची वाट बगण्यात तिची उमर गेली, मास्तर. 'मी खुशाल हाय', एवडंच असायचं त्यात. आता रोज पाच धाडतो."

मला स्वतःचीच लाज वाटली.

नवव्या दिवशी त्यांनी पिस्तूल डाव्या हातात घेतलं आणि डाव्या डोळ्यानं नेम धरला. तीन पंप. अर्धा श्वास.

टण.

मी सवयीनं पळायला निघालो, पण आबांचा हात तिथंच होता, म्हणून मीही थांबलो. आत काकींनी पातेल्यावर पकड आपटली, एकदाच. इतकी वर्षं प्रत्येक 'टण'नंतरचा तो आवाज मी भांड्यांची आदळआपट समजत होतो.

"पोचलं," आबा म्हणाले, आणि मग कुठं त्यांनी हात खाली घेतला.